कोव्हिडनंतर गेलेल्या वासासाठी घ्राणप्रशिक्षण संच : वापरानंतरचे मत

श्वसनमार्गाच्या विषाणूसंसर्गात वास गेला आणि ताप-खोकला बरा होऊनही तो परतला नाही, अशा रुग्णांसाठी चार सुगंधी तेलांचा एक संच बाजारात मिळतो; ही तेले रोज हुंगून नाकाला वासाची पुन्हा सवय लावायची, हेच घ्राणप्रशिक्षण. आमच्याकडे सासूबाईंनी तो कित्येक महिने नेमाने वापरला. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण याच धर्तीचे संच अनेक जण विकतात आणि खाली लिहिलेले बरेचसे त्या सर्वांना लागू पडेल.

सर्दीने नाक चोंदल्यावर वास येत नाही, तो प्रकार वेगळा. कोव्हिडमध्ये अनेकांचे नाक मोकळे असूनही वास एकाएकी नाहीसा झाला, आणि जून २०२० मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने वास व चव जाणे हे या आजाराच्या लक्षणांत धरले. नाकाच्या छताशी गंध टिपणाऱ्या चेतापेशी असतात. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी ज्याला चिकटावे लागते तो एसीई-२ हा पेशीवरचा रेणू मुख्यतः त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर असतो, आणि त्या कोलमडल्या की चेतापेशींचेही काम थांबते. या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, हीच यातली आशेची जागा. मात्र नव्या पेशीच्या तंतूला कवटीच्या तळाच्या सच्छिद्र हाडातून मेंदूतील गंधकंदापर्यंत, म्हणजे वासाचे संदेश प्रथम जिथे पोहोचतात त्या भागापर्यंत, पोहोचून योग्य जागी जोडले जावे लागते, आणि त्याला महिने लागतात. ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूचे चित्रण काही काळाच्या अंतराने दोनदा केले गेले. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात संसर्ग झाला होता, आणि त्यांच्या मेंदूतील गंधाशी निगडित भागांत सरासरीने अधिक घट आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ‘वासच तर गेलाय’ असे म्हणून रुग्णाची बोळवण करणे मला पटत नाही.

संचातील गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग ही निवड जर्मनीतील ड्रेसडेनचे घ्राणसंशोधक थॉमस हुमेल यांच्या २००९ च्या अभ्यासातून आलेली आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली साधारण दहा सेकंद हलकेच हुंगायची, त्या वेळी तो वास कसा असे हे मनात आणायचे, आणि हे निदान १२ आठवडे चालू ठेवायचे. बाटल्या गडद काचेच्या, रुंद तोंडाच्या आहेत आणि आत तेल शोषणारा बोळा बसवलेला असल्याने काही सांडत नाही. थरथरत्या हातांच्या वयस्कर माणसाला ही सोय फार मोलाची वाटते. सोबतच्या वहीत रोज प्रत्येक वासाला शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. मला संचातली सर्वांत उपयुक्त वस्तू हीच वाटली, कारण सुधारणा इतकी सावकाश होते की नोंद नसेल तर ती रुग्णाच्या ध्यानातच येत नाही.

निलगिरीच्या बाबतीत मात्र माहितीपत्रक मोठी गोष्ट सांगायचे विसरले आहे. निलगिरीचा गार झणका चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या वेगळ्याच चेतेमार्फत जाणवतो, त्यामुळे ज्याला कसलाही वास येत नाही त्यालाही तो कळतो. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात निलगिरीला भरघोस गुण दिले, घर आनंदले, आणि त्याच दिवशी दूध करपले तरी त्यांना पत्ता लागला नाही. प्रगती पाहायची तर गुलाबाचे गुण पाहावेत, कारण त्यात हा झणका जवळजवळ नसतो.

पुढे वास परतू लागला, पण विपरीत होऊन. फोडणीतला लसूण, परतलेला कांदा, कॉफी, उकडलेले अंडे या सगळ्यांना सडल्यासारखी दुर्गंधी येऊ लागली आणि सासूबाईंचे जेवण तुटले. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी समजावले की नव्या जोडण्या अपुऱ्या असताना असे पुष्कळांचे होते, आणि हुंगण्याचा सराव सोडू नये. पत्रकात याविषयी एक ओळही नाही. नेमक्या याच टप्प्यावर घाबरून लोक सराव थांबवतात, म्हणून मी ही उणीव गंभीर मानते. त्या काळात दहीभात, काकडीची कोशिंबीर, गार वरण असे बिनफोडणीचे पदार्थ त्यांना चालले.

लिंबाचे तेल हवा आणि उजेड लागून लवकर बिघडते, तरीही बाटलीवर ते केव्हा बदलावे याचा उल्लेख नाही. पत्रक केवळ इंग्रजीत आहे. निलगिरीच्या तेलाने फेफरे येऊ शकते हे वैद्यकात नोंदलेले असूनही अपस्माराच्या रुग्णांसाठी सूचना नाही. अशांनी आणि दमेकऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. वास येत नाही तोवर घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवणे संचाइतकेच गरजेचे आहे, कारण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला उग्र वास अशा माणसापर्यंत पोहोचतच नाही.

आज सासूबाईंना लवंग आणि हिंग ओळखता येतात, गुलाब पुसटसा येतो. अनेकांचा वास आपोआपही परततो, म्हणून सारे श्रेय संचाला देता येणार नाही. किंमत चार तेले सुटी घेण्यापेक्षा बरीच जास्त आहे. ज्यांना स्वतः तेले आणून, बाटल्या भरून, वहीत नोंदी ठेवणे जमेल त्यांना संच घेण्याची गरज नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मात्र तयार संच आणि कोणीतरी मराठीत लिहून दिलेली सूचनापत्रिका, असे दोन्ही घ्यावे. संसर्गानंतर गोंधळलेपणा, झटके किंवा हातापायांत वाढत जाणारी अशक्तता दिसली, तर मेंदूज्वर किंवा गियाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतांवर उलटते तो आजार) यांसारखे काही असू शकते, आणि तेव्हा कोणताही संच न शोधता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.