रोज बारा वाजवणारा स्टिरिओ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

परवा रात्री ॲम्पवरचा (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) लाल दिवा पेटला आणि गाडीत एकदम सामसूम. सेटच्या पडद्यावर गाण्याचे सेकंद मात्र निवांत पुढे सरकत होते, म्हणजे त्याच्या मते सगळं ठीक होतं. हा अनुभव मी चौथ्या महिन्यातच लिहायला घेतला होता आणि त्यात सेटला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या आता मागे घेतो. उरलेल्या अर्ध्या फिटरच्या खात्यावर वळत्या करतो.

सेट नेहमीचाच, ब्लूटूथ-यूएसबीवाला. सोबत चार चॅनलचा ॲम्प, शेजारच्या सीटखाली. स्पीकर गाडीचे मूळचेच ठेवले, कारण ते चांगले वाजत होते आणि चालू वस्तू फेकणं माझ्या जिवावर येतं. मग ॲम्प कशाला? तर खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. चालू गाडीत सेटला मिळतात फार तर १४.४ व्होल्ट. आत व्होल्टेज वाढवायची वेगळी सोय नसेल तर ४ ओहमच्या स्पीकरवर स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २६ वॅटच निघतात, आणि तेही कागदावर. आवाजाबद्दल तक्रार नाही. पहिल्या दिवशी ऐकलेली गाणी नव्याने ऐकल्यासारखी वाटली.

तक्रार होती घड्याळाची. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की पडद्यावर १२:०० आणि वर कंपनीची सरकती जाहिरात. जुळवलेला बास गायब, साठवलेली एफएम स्टेशनं गायब, फोन पुन्हा जोडा. बायको म्हणायची, “तुला वेळ बघायला मनगटी घड्याळ आहे की.” मुद्दा वेळेचा नव्हताच. नवी कोरी वस्तू रोज सकाळी आपले बारा वाजवून दाखवते, याचा मला संताप यायचा.

फिटरकडे गेलो. “दादा, हा सेट सगळं विसरतो.” तो म्हणाला, “या मॉडेलला असंच असतं.” कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सेट बाकावर लावून अर्धा तास वाजवला आणि कागदावर लिहून दिलं: दोष आढळला नाही, वायरिंग तपासून घ्या. फिटर म्हणे सेट खराब, सेंटर म्हणे फिटिंग खराब. मी दोघांच्या मधला चेंडू.

दुसऱ्या महिन्यात कुंई सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, सोडला की उतरतो. हा आवाज अल्टरनेटरचा. त्यात तयार होणारी एसी वीज डायोडमधून डीसी होते, पण थोडी लहर उरतेच, आणि इंजिनाच्या वेगाबरोबर त्या लहरीचा वेगही वाढतो. म्हणून गॅरेजवाला लगेच म्हणाला, अल्टरनेटर बदलू. मी आधी मीटर लावला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.२. मीटर एसीवर ठेवला तर जेमतेम काही मिलीव्होल्ट. अर्धा-एक व्होल्ट दिसता तर डायोड गेला म्हणता आलं असतं. अल्टरनेटर धडधाकट होता आणि मी त्याला जागचा हलू दिला नाही.

शहाणपण इथेच संपलं. पुढचे दोन महिने मी फिल्टर विकत घेत बसलो. पहिला पॉवरच्या तारेवर लावायचा, काडीचा फरक नाही. दुसरा आरसीए केबलमध्ये, म्हणजे सेटकडून ॲम्पकडे गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या तारेत, लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल पलीकडे जातो पण तारेची थेट जोड तुटते. कुंई गेली. तिच्याबरोबर ढोलकीचा भरदार ठोकाही गेला आणि पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखं ऐकू यायला लागलं. चौथ्या महिन्यातलं ते शिव्यांचं लिखाण याच काळातलं.

मग एका रविवारी मी स्वतः डॅशबोर्ड उघडला. (आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. तुम्हीही काढा. काही सेटमध्ये आरसीएच्या ग्राउंडवर (म्हणजे अर्थवर) बोर्डावरच एक चिमुकला फ्यूज असतो. सेट चालू असताना आरसीए ओढली-खुपसली तर तो उडू शकतो आणि नवी कुंई पदरात पडते.) सेटमागे पिवळी तार कायमच्या १२ व्होल्टची. तिच्यावर घड्याळ आणि स्मरणशक्ती चालते. लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली. माझ्या गाडीकडून येणाऱ्या पिवळ्या-लाल तारांचा क्रम उलटा होता. हे काही गाड्यांत असतंच, त्यामुळे गाडीच्या तारा सेटला जोडणाऱ्या कित्येक ॲडॉप्टरवर पिवळ्या-लालवर अदलाबदल करता येणारे जोडच दिलेले असतात. माझ्याही होते. दोन जोड काढले, फुली मारून लावले, दोन मिनिटांचं काम. गाडी बंद केली, चहा पिऊन आलो, चालू केली. घड्याळात ११:४२. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही.

म्हणजे सेट निर्दोष होता. सर्व्हिस सेंटरबद्दल जे बोललो तेही मागे.

हात काळे झालेच होते, म्हणून आयसोलेटर काढून कुंईच्या मागे लागलो. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती तेवढीच राहते, म्हणजे व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरते. सगळं बंद करून ॲम्पकडची आरसीए काढली आणि परत चालू केलं तर गप्प. म्हणजे आरसीएवाटे येते. मग ॲम्पची अर्थची तार पाहिली. फिटरने ती गालिच्याखाली, रंग लावलेल्या पत्र्यावर एका बारीक स्क्रूने दाबली होती. रंगातून वीज कशी जाणार? जेवढी जात होती ती स्क्रूच्या आट्यांमधून. गाणं मोठ्याने लावून ॲम्पचं निगेटिव्ह आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजलं तर ०.९ व्होल्ट. ते शून्याच्या जवळ हवेत. ॲम्पचा अर्थ एका पातळीवर, सेटचा दुसऱ्या, मग हा फरक आरसीएच्या बाहेरच्या, अर्थला जोडलेल्या जाळीतून वाट काढतो आणि ॲम्प त्यालाच गाणं समजून वाढवतो. अर्थाचा अनर्थ म्हणतात तो हा.

जवळचा जाड पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, पॉवरच्या तारेइतकीच जाड आणि हातभर तार, तिच्या टोकाला रिंग लग (बोल्टमध्ये अडकवायची कडी), दातेरी वॉशर, नट-बोल्ट, वरून गंजू नये म्हणून ग्रीस. बोल्ट सीटबेल्टचा किंवा सीटचा वापरायचा नाही, तो जीव वाचवण्यासाठी असतो. पुन्हा मोजलं, ०.०४. पॉवरच्या तारेला चिकटून आलेली आरसीए उचलून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. इंजिन चालू केलं आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. ऐकू आलं ते फक्त इंजिन.

इथेच हे लिखाण पाच तारे देऊन संपवणार होतो. तेवढ्यात सहाव्या महिन्यात आवाज तुटायला लागला. दोन सेकंद सगळे स्पीकर मुके, मग पुन्हा चालू. पहिला संशय माझ्याच नव्या बोल्टवर. घट्ट होता. दुसरा संशय सीटवर, कारण मी एकटा असताना कधीच व्हायचं नाही, बायको शेजारी बसली की व्हायचं. सीट दबून ॲम्पच्या तारांवर येत असेल, असं मी तिला सांगून बसलो. ते संभाषण इथे देत नाही.

फिटरचं निदान तयार होतं: “ॲम्प गेला, नवा टाकू.”

या वेळी साक्षीला आलं ते घड्याळ. आवाज तुटायचा तेव्हा वेळ बरोबर असायची, गाणं पुढे सरकत असायचं. सेटची वीज जात असती तर तो पुन्हा सुरू होताना दिसला असता. म्हणजे भानगड ॲम्पपासून पुढे. आणि परवा दिसलेला लाल दिवा म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवतोय, कुठेतरी स्पीकरची तार पत्र्याला लागतेय. एकेक स्पीकर सोडवून पाहिला. शेजारच्या दाराचा सोडवला आणि तक्रार थांबली. त्याची तार ॲम्पकडून सोडवलेलीच ठेवून तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये मीटर लावला. दार बंद असताना काही नाही, दार हळूहळू उघडताना एका ठिकाणी मीटर ओरडला.

दाराच्या बिजागरीपाशी घडीची रबरी नळी असते, काच आणि लॉकच्या तारा तिच्यातूनच जातात. त्या नळीतून ओवायचा कंटाळा म्हणून फिटरने नवी तार बिजागरीशेजारून थेट दारात घातली होती. सहा महिन्यांच्या उघडझापीत वरचं आवरण घासून आतलं तांबं दिसायला लागलं होतं. म्हणून बायको. म्हणून शेजारचं दार. ॲम्प ठणठणीत. नळीत तार ओवायला मात्र पूर्ण दुपार गेली, कारण जागा बोटभरसुद्धा नाही.

बायकोची माफी मागून झाली आहे. फिटरकडे गेलो नाही. गेलो असतो तर त्याने नवं दार सुचवलं असतं. वापरून बाद झालेले दोन फिल्टर खणात पडून आहेत, कोणाला हवे असतील तर सांगा, पण का नकोत ते वर लिहिलंच आहे. आणि घड्याळ महिन्याला दोनेक मिनिटं पुढे जातं. सध्या ते मी तसंच ठेवलंय.