वर्गातला वायरलेस माईक: आठ महिने वापरल्यावर

मुलगी पाचवीत आहे. दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं. अडीच वर्षांची असताना बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी झाली आणि तेव्हापासून दोन्ही कानांमागे ऐकण्याचं मशीन आहे. शाळा कळव्यातली, साधी मराठी माध्यमाची. वर्गात 54 मुलं, डोक्यावर चार पंखे आणि खिडकीबाहेर मध्य रेल्वे.

ऑगस्टमध्ये तिच्यासाठी वायरलेस माईकचा सेट घेतला. एक माईक बाईंच्या गळ्यात, दोन छोटे रिसीव्हर हिच्या मशीनना. दोन्ही मिळून 68 हजारांना पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय तत्त्व सगळ्यांचं जवळपास सारखंच.

"मशीन लावलंय ना, मग माईक कशाला?" हे मला सासरच्यांपासून शाळेच्या ऑफिसपर्यंत सगळ्यांनी विचारलं. उत्तर अंतरात आहे. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलनं पडतो. बाईंच्या तोंडापासून 20 सेंटीमीटरवर जो आवाज असतो, तो सव्वातीन मीटरवरच्या बाकापर्यंत पोचताना 24 डेसिबल गमावून बसतो. पंखा मात्र आहे तिथंच आहे. मशीन दोघांनाही सारखंच मोठं करतं. भिंतींवरून घुमणारा आवाज त्यात वेगळाच. माईकमुळे बाईंचा आवाज तोंडाजवळच उचलला जातो आणि रेडिओ लहरींवरून थेट मशीनमध्ये येतो. ती पहिल्या बाकावर असो की पाचव्या, बाई जणू कानाशी बोलतात.

माईक येण्याआधीची गोष्ट. जुलैमध्ये बाईंनी पहिल्या आगगाडीबद्दल सांगितलं, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे. रूळ खिडकीबाहेर म्हणून सहज निघालेला विषय. घरी येऊन हिनं विचारलं, "मोरीबंदर म्हणजे कुठली मोरी?" वहीतही तसंच लिहिलं होतं. आम्ही हसलो आणि मग मलाच कसंतरी झालं. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. पाय, बाय, माय आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा. ओठ वाचणारं मूल अशा प्रत्येक ठिकाणी अंदाज बांधत असतं.

तेव्हा लक्षात आलं की धड्यात ती मागे पडत नव्हतीच. धडा पुस्तकात असतो, तो ती वाचून काढते. तिचं हुकत होतं ते पुस्तकाबाहेरचं: बाईंचा विनोद, "उद्या भूगोलाची वही आणू नका", मधेच सांगितलेली बोरीबंदरची गोष्ट. सप्टेंबरमध्ये बाईंनीच मला सांगितलं की आता ही सगळ्यांबरोबर हसते, सगळ्यांचं बघून नाही. माझ्यापुरते तिथेच पैसे वसूल झाले.

आता कटकटी. पहिल्या आठवड्यात ती सारखी म्हणायची, "बाई टकटक करतात." बाई तर खडूसुद्धा आपटत नाहीत. मी माईक स्वतःच्या गळ्यात घालून बघितला, तेव्हा कळलं: मंगळसूत्राच्या वाट्या चालताना माईकवर आपटत होत्या. पदराची सळसळही अशीच, तिच्या कानात वादळ. दोरी आखूड करून माईक मण्यांच्या वर आणला, पदराला पिन लावली, संपलं. माहितीपत्रकात टायची आणि कॉलरची चित्रं आहेत, पदराचं एकही नाही.

दुसरी गंमत तुम्ही ओळखली असेलच. बाई मधल्या सुट्टीत माईक बंद करायला विसरल्या आणि स्टाफरूम तर वर्गाला लागूनच. घरी येऊन आमच्या कन्येनं बातमी दिली की बाईंच्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी येताहेत आणि बाई अजिबात खूश नाहीत. मी बाईंना फक्त बटण कुठं आहे ते परत दाखवलं, बाकी काही बोलले नाही.

माईक बाईंचाच आवाज देतो, इतर मुलांचा नाही. मागच्या बाकावरचं उत्तर हिला पूर्वीइतकंच अर्धवट कळतं. माईक वर्गात फिरवून पाहिला, तर प्रत्येक जण आधी "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणणार. दोन दिवसांत बाईंनी तो नाद सोडला आणि मुलाचं उत्तर स्वतः पुन्हा म्हणायला लागल्या. सोपा उपाय आणि त्याचा फायदा मागच्या बाकांनाही झाला.

आमची मशीन जुनी, त्यामुळे रिसीव्हर बसवायला तळाला वेगळा अडॅप्टर लागला. दुकानात त्याला शू म्हणतात. त्यासाठी तीन आठवडे थांबलो. घेण्याआधी स्वतःची मशीन घेऊन जा आणि तिथंच जोडून ऐकून बघा. बॅटरीही जास्त खाते. केशरी स्टिकरची 13 नंबरची बॅटरी आधी दहा-अकरा दिवस चालायची, आता जेमतेम सात. पावसाळ्यात तर एक रिसीव्हर बिघडला, आवाज येई-जाई. दुरुस्तीला 19 दिवस लागले आणि तोवर बदली रिसीव्हर दिला नाही. आता रोज रात्री सगळं सिलिका जेलच्या डब्यात ठेवते. हे पहिल्या दिवशीच कोणीतरी सांगायला हवं होतं.

मोबाईलवर बोलणं टाईप होऊन दिसतं, तेही करून पाहिलं. बातम्यांसाठी छान. गणिताच्या तासाला मसाविचा मसाला झाला आणि सासरे आगरीत बोलायला लागले की स्क्रीनवर जे उमटतं ते वाचून तेच जास्त हसतात.

माईक आला म्हणून खाणाखुणांची भाषा सोडली नाही. रात्री मशीन काढल्यावर माईकचा काय उपयोग? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा 10 हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश 2021 मध्ये आला, त्यातून रविवारी आम्ही दोघी पाच-सात शब्द करतो. ती माझ्यापेक्षा पुढे आहे.

एक सांगून ठेवते, माईक आवाज जवळ आणतो, पण कानाला जे सूर मुळातच मिळत नाहीत ते आणून देत नाही. श्रुतलेखनात गेल्या वर्षी 20 पैकी 9 होते, यंदा 17. चुकलेले तिन्ही शब्द स आणि श यांचे. ते बारीक, वरच्या पट्टीतले आवाज तिच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, सर्वांत खाली गेलेले आहेत, म्हणजे सर्वांत कमी ऐकू येतात. त्यासाठी स्पीच थेरपी चालूच आहे.

सहावीत प्रत्येक तासाला शिक्षक बदलणार, म्हणजे दिवसाला सहा-सात गळ्यांत माईक फिरणार. मला त्याचीच धाकधूक होती. परवा तिनं एक पुठ्ठा कापून माईकच्या डब्याला दोऱ्यानं बांधला. त्यावर स्केचपेननं लिहिलंय: "1. मंगळसूत्राच्या वर घाला. 2. स्टाफरूममध्ये जाताना बंद करा, मला सगळं कळतं. 3. तरीही फळ्याकडे तोंड करून बोलू नका."