पहिली कथा आधी कुठे द्यावी? दिवाळी अंक, प्रतिलिपी आणि वर्गणीचा कथासंग्रह

कथा लिहून झाली. लेखनकट्ट्यावर वाचून दाखवली, चार जणांनी "छापायला द्या की" म्हटलं. इथपर्यंत सगळं छान असतं. पंचाईत पुढे होते, कारण त्याच कट्ट्यावर तीन सल्ले मिळतात. एक काका म्हणतात, दिवाळी अंकाला पाठवा. त्यांच्या शेजारची मुलगी म्हणते, कशाला थांबता, प्रतिलिपी ॲपवर टाका, रात्रीपर्यंत वाचक मिळतील. आणि तिसरे गृहस्थ लेखकांकडूनच वर्गणी घेऊन स्वतः काढत असलेल्या 'प्रातिनिधिक कथासंग्रहा'चं आवाहन घरी पोहोचायच्या आत व्हॉट्सॲपवर पाठवतात.

तिन्ही वाटांनी मी जाऊन आले आहे. निवडताना लोक मानधन आणि वाचकसंख्या यांची तुलना करतात. मला क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. अंकात आलेली कथा नंतर ऑनलाइन टाकता येते, पण ऑनलाइन टाकलेली कथा अंकवाले सहसा घेत नाहीत. आवाहनात 'अप्रकाशित' हा शब्द असतो आणि नेटवर आलेलं ते प्रकाशितच धरतात. म्हणून घाई करायची तर ती शेवटी करावी.

का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून मराठी कथेचा मोठा बाजार दिवाळीतच भरतो. मात्र नावाजलेल्या अंकांची बरीचशी पानं निमंत्रित लेखकांनी आधीच भरलेली असतात, हे कोणी नवोदिताला सांगत नाही. नव्या माणसाला खरी जागा मिळते ती जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या अंकांत आणि साहित्य संस्थांच्या नियतकालिकांत. विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' किंवा मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' दिवाळीच्या गर्दीबाहेरही निघतं. हे अंक आधी विकत घेऊन वाचा. कोणत्या धाटणीच्या कथा येतात ते न बघता पाठवणारेच जास्त असतात.

वेळापत्रक कडक असतं. आवाहनं उन्हाळ्यात फिरू लागतात आणि गणपतीच्या सुमाराला अंक छपाईच्या तयारीत असतो. तेव्हा ऑगस्टमध्ये "कथा पाठवू का?" विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. मजकूर युनिकोडमध्ये हवा आणि शब्दमर्यादा पाळायला हवी. तीन हजार सांगितले असताना साडेचार हजार पाठवले, तर पहिल्या परिच्छेदाआधीच नकार ठरतो. मानधनाची आशा फार धरू नका. काही अंक देतात, काही फक्त लेखक-प्रत पाठवतात, आणि काहींची तीही मागावी लागते.

सगळ्यात जड जातं ते मौन. माझ्या पहिल्या कथेला एका अंकाने होकारही दिला नाही आणि नकारही. मी दिवाळीत स्टॉलवर जाऊन अनुक्रमणिका चाळली आणि मगच समजले. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहून घेत. ते मासिक १९८२ साली बंद पडलं. आज बहुतेक संपादकांना तेवढी फुरसत नाही. ते काम आता कट्ट्यालाच करावं लागतं, आणि माझ्या मते कट्ट्याचा खरा उपयोग तोच आहे. छापून आणणं ही त्याची दुय्यम सोय. "दुसऱ्या पानावरची सासू कशाला आहे?" असं विचारणारा एक खडूस सभासद "अप्रतिम!" म्हणणाऱ्या दहांपेक्षा मोलाचा. त्याला चहा पाजा.

प्रतिलिपीचा हिशेब वेगळा. २०१४ साली बंगळुरात सुरू झालेल्या या ठिकाणी संपादकाची चाळणी नाही. दहा मिनिटांत कथा वाचकांसमोर जाते, आणि टाकल्यावरही दुरुस्ती करता येते. छापील अंकात चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ पुढची दिवाळी येईपर्यंत डोळ्यांत खुपत राहतो. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने वाचणारी बाई आणि आखातात रात्रपाळी करणारा मराठी माणूस, दोघेही इथे सापडतात. पण या वाचकाला मालिका आवडते. एका बैठकीत संपणाऱ्या कथेखालीही "पुढचा भाग लवकर टाका" अशी प्रतिक्रिया येते. माझ्या कथेत नायिका वारली होती, तरी आली! भयकथा, प्रेमकथा, कौटुंबिक कथा भागाभागांनी लिहिण्याचा तुमचा पिंड असेल, तर दिवाळी अंकाची वाट बघण्यात अर्थ नाही, सरळ इथे जा. शांत, आतल्या आत घडणारी कथा मात्र इथे चटकन खाली दबून जाते.

वर्गणीच्या संग्रहाबद्दल मी निःपक्षपाती नाही. पैसे भरले, दोन प्रती आल्या, सन्मानचिन्ह आलं, आणि कथेचा शेवटचा परिच्छेद गायब होता. अशा पुस्तकाचे वाचक बहुधा त्यातले सहलेखकच असतात, आणि तेही आपापली कथा वाचतात. तरी मित्रमंडळींचा संग्रह असेल, निवड करणारा माणूस खरोखर कथा परत पाठवत असेल, तर भाग घ्यायला हरकत नाही. 'आयएसबीएन शुल्क' असा वेगळा आकडा सांगितला तर कान टवकारा, कारण भारतात पुस्तकाचा हा ओळखक्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. आणि फॉर्मवर सही करण्याआधी वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच करावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. 'सर्व हक्क संपादकाधीन' या ओळीखाली सही केलीत, तर पुढे स्वतःच्या संग्रहात तीच कथा घेताना परवानगी मागत फिरावं लागेल.

स्वतःच्या संग्रहावरून आठवलं. पदरचे पैसे घालून पहिलं पुस्तक काढायची घाई करू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पण ती पहिल्याच पुस्तकासाठी. हौसेने एक पुस्तिका छापून बसलात की ती संधी गेली.

कथास्पर्धांचं थोडक्यात सांगते. परीक्षक कोण आणि बक्षीसपात्र कथा छापणार कुठे, एवढं आधी विचारा. निकाल लांबला तर कथा तेवढे दिवस अडकून पडते.

माझ्याकडे आज एकच कथा असती, तर मी ती मेपर्यंत कट्ट्यावर दोनदा वाचून घेतली असती आणि जूनमध्ये एका, एकाच, अंकाला पाठवली असती. एकाच वेळी दोन अंकांना पाठवून दोन्हीकडे छापून येण्याची नामुष्की मी एका मैत्रिणीची पाहिली आहे. भाऊबीजेपर्यंत काहीच कळलं नाही, तर संपादकांना दोन ओळींची ईमेल टाकायची की कथा मागे घेते आहे. मग ती प्रतिलिपीवर टाकायची, आणि दुसरी कथा तोवर कट्ट्यावर पोहोचलेली असावी.