जीडीबीचे आठ महिने: एक जास्तीचा एन्टर

आठ महिने रोज जीडीबी (दुसरा प्रोग्राम ओळीओळीने चालवून त्यातली चूक शोधायचे साधन) वापरल्यानंतर हे लिहायला निमित्त झाले ते गेल्या आठवड्यातल्या एका क्रॅशचे. नोंदींची मोठी फाईल वाचणारा माझा सी प्रोग्राम मध्येच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडत होता आणि नेमकी कोणती नोंद त्याला कारणीभूत आहे, हे कळत नव्हते.

माझी मुख्य तक्रार एकाच गोष्टीविषयी आहे. मोकळ्या ओळीवर एन्टर दाबले की जीडीबी आधीचीच आज्ञा पुन्हा चालवतो. ‘नेक्स्ट’ (पुढची ओळ चालव) एकदा लिहून पुढे नुसते एन्टर दाबत जाणे बोटांना सोयीचे वाटते; पण एक एन्टर जास्त पडला की जी ओळ चालण्याआधी चल (व्हेरिएबल) तपासायचे होते, तीच ओळ चालून जाते आणि सहा-सात मिनिटांची धाव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. त्या दिवशी हे तीनदा झाले.

चालून गेलेल्या ओळींवरून उलटे जाण्याची सोय जीडीबीत 2009 च्या 7.0 आवृत्तीपासून आहे, म्हणून त्यासाठी प्रत्येक पाऊल नोंदवणारे ‘रेकॉर्ड’ चालू करून पाहिले. प्रोग्राम असह्य मंदावला आणि मेमरीची नक्कल करणाऱ्या मेमकॉपी फंक्शनमधल्या एव्हीएक्स (प्रोसेसरच्या एका खास संचातल्या) सूचनेपाशी, ही सूचना नोंदवता येत नाही असे सांगून थांबला. नोंदवण्याची मूळ मर्यादाही 2,00,000 सूचनांचीच असल्याने तो नाद सोडला.

जीडीबीविषयी माझे मत बदलले ते ‘इग्नोर’मुळे; ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) किती वेळा न थांबता ओलांडायचा, ते ही आज्ञा ठरवते. नोंद वाचणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावून ‘इग्नोर 1 1000000’ दिले आणि प्रोग्राम पडू दिला. नंतर ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ने सांगितले की तो ब्रेकपॉइंट 48,213 वेळा गाठला गेला होता. मग ‘इग्नोर 1 48212’ देऊन पुन्हा ‘रन’ केल्यावर प्रोग्राम बरोबर त्या घातक नोंदीच्या दाराशी थांबला. ‘स्टेप’ने सीमाचिन्ह, म्हणजे स्वल्पविराम, शोधणाऱ्या माझ्या फंक्शनमध्ये शिरलो, ते संपेपर्यंत चालवणारी ‘फिनिश’ आज्ञा दिली आणि परत आलेले मूल्य समोर छापले गेले: शून्य पत्ता, म्हणजे ‘काही सापडले नाही’. त्या नोंदीत स्वल्पविरामच नव्हता आणि मी ते मूल्य न तपासताच वापरत होतो.

फाईल तीच असेल तर ब्रेकपॉइंटचा हा आकडा दर धावेला तोच राहतो, त्यामुळे ओळ निसटली तरी नेमके तिथे परतता येते. तरीही सहा मिनिटे जातातच, म्हणून ‘.जीडीबीइनिट’ या जीडीबी सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये ‘डिफाइन’ वापरून मी ‘पुढे’ नावाची आज्ञा करून घेतली, जिच्यात ‘नेक्स्ट’ आणि त्याखाली ‘डोन्ट-रिपीट’ (एन्टरने पुन्हा चालवू नकोस) एवढेच आहे. आता मोकळ्या एन्टरने काहीही होत नाही आणि आठवडाभरात एकही ओळ नकळत ओलांडली गेलेली नाही.