डिजिटल इंडिकेटर आठ महिने वापरला: आलेख झकास, अक्कल बेताची

सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचा हातात धरायचा डिजिटल इंडिकेटर आमच्या जहाजावर येऊन आठ महिने झाले. मधल्या काळात दोघातिघांनी विचारलं की घ्यायला लावावा का, जुना दोरी-कागदाचा ड्रमवाला इंडिकेटर काय वाईट आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी सेकंड इंजिनियर, म्हणजे हे खेळणं वापरायचं काम माझं आणि त्याचं म्हणणं खोटं निघालं तर चीफ इंजिनियरच्या शिव्या खायचं कामही माझंच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत.

आमचं मेन इंजिन सहा सिलिंडरचं टू-स्ट्रोक, कॅमशाफ्टवालं, आणि खाली तीन फोर-स्ट्रोक जनरेटर ७२० आरपीएमचे. जुना इंडिकेटर ज्यांनी वापरलाय त्यांना माहितीये, दोरी, स्प्रिंग, कागद, सुई, मग आलेखाचं क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटर फिरवत बसा, सहा युनिट (म्हणजे सिलिंडर) करेपर्यंत घामाने बॉयलर सूट पिळून काढायची वेळ. आणि जनरेटरवर तो चालतच नाही, एवढ्या स्पीडला त्याची सुई स्वतःच्याच वजनाने नाचते, तिथे नुसता पीक प्रेशर गेज लावायचा आणि एक आकडा लिहून गप्प बसायचं. नव्या यंत्राने पहिला फरक इथेच पडला, जनरेटरच्या प्रेशरचा अख्खा कर्व्ह पहिल्यांदा डोळ्यांनी बघायला मिळाला.

वापरायला सोपा आहे. सिलिंडरच्या डोक्यावरचा इंडिकेटर कॉक (छोटी तोटी) उघडून दोन-चार फेरे फुंकून घ्यायचा (बाजूला उभं राहून, समोर नाही, हे नव्या पोरांना दरवेळी सांगावं लागतं), कॉक बंद, सेन्सर बसवा, कॉक उघडा, वीसेक सायकल घेतो आणि सरासरी काढतो. पीमॅक्स (ज्वलनाचं सर्वात जास्त प्रेशर), पीकॉम्प (नुसत्या कॉम्प्रेशनचं प्रेशर), एमआयपी (सायकलभरचं सरासरी प्रेशर, ज्यावरून पॉवर निघते), आरपीएम सगळं एका स्क्रीनवर. सहा युनिट अर्ध्या तासात होतात. फक्त सेन्सर कॉकवर विसरायचा नाही, तापला की त्याचं शून्य सरकतं आणि मग शेवटच्या युनिटचे आकडे उगाच वेगळे दिसतात. आमच्याकडे पहिल्या महिन्यात सहा नंबर कायम "कमजोर" यायचा, मी एक दिवस उलट्या क्रमाने रीडिंग घेतलं तर एक नंबर कमजोर! तेव्हापासून दोन युनिटांच्या मध्ये सेन्सर काढून थंड होऊ देतो.

आता खरी गोष्ट, ज्याच्यामुळे मी याला चांगलं म्हणतो. चार नंबरचं एक्झॉस्ट टेंपरेचर बाकीच्यांपेक्षा पस्तीस डिग्रीने वर. थर्मोकपल अदलाबदल करून बघितलं, तो ठीक. सवयीप्रमाणे इंजेक्टर बदलले, काही फरक नाही. अशा वेळी बऱ्याच जहाजांवर काय करतात ते सगळ्यांना माहितीये, गुपचूप त्या युनिटचा फ्युएल रॅक (तेल किती जायचं ते ठरवणारा दांडा) थोडा कमी करायचा, तापमान खाली येतं, लॉगबुक सुंदर दिसतं, आणि बाकीचे पाच सिलिंडर त्याचं ओझं वाहतात. आमच्या चीफना हे बिलकूल चालत नाही, बरं झालं.

रीडिंग घेतलं निम्म्या लोडला, सगळे सारखे. म्हटलं झालं, यंत्र फुकट. पण दुसऱ्या दिवशी समुद्र शांत होता, लोड ऐंशी टक्क्यांच्या आसपास नेला आणि परत घेतलं तर चार नंबरचा पीमॅक्स १२९ आणि बाकीच्यांची सरासरी १३८, पीकॉम्प मात्र सगळ्यांचा सारखा. आमच्या मॅन्युअलप्रमाणे सरासरीपासून तीन बारपर्यंतचा फरक चालतो, इथे नऊ. सहा कर्व्ह एकमेकांवर ठेवले तर चार नंबरचा चढ बाकीच्यांपेक्षा उशिरा सुरू होतोय हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कॉम्प्रेशन ठीक म्हणजे रिंगा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांच्यावरचा संशय गेला, इंजेक्शन उशिरा होतंय, आणि तेही फक्त वरच्या लोडला, म्हणजे संशय थेट व्हीआयटीवर, लोडप्रमाणे इंजेक्शनचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेवर. कमी लोडला व्हीआयटी काही करतच नाही, लोड वाढला की टायमिंग पुढे आणतो, म्हणूनच आदल्या दिवशी सगळे सारखे दिसले. जाऊन बघितलं तर चार नंबर पंपाचा टायमिंग रॅक जाम, ग्रीस वाळून डांबर झालेलं, सर्व्होला हवा व्यवस्थित येतेय पण रॅक जागचा हलत नाही. साफ केला, मोकळा केला, नवं ग्रीस, पुढच्या रीडिंगला १३७. जुन्या इंडिकेटरच्या ड्रॉ कार्डवरही (हाताने दोरी ओढून कागदावर काढायच्या आलेखावर) हे दिसलं असतं म्हणा, पण ते कार्ड नीट काढणारा हात हवा आणि आमच्या फोर्थ इंजिनियरने ते फक्त परीक्षेत काढलंय.

आता दुसरी बाजू. या यंत्रात "निदान" नावाचं एक बटण आहे आणि ते सरळ काढून टाकावं असं माझं मत आहे. तिसऱ्या महिन्यात दोन नंबरचा पीकॉम्प एकदम चौदा बार कमी दाखवला आणि खाली लाल अक्षरात पिस्टन रिंग किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लीक. फोर्थ धावत आला, चेहरा पांढरा. मी म्हटलं अरे थांब जरा, एक्झॉस्ट टेंपरेचर बघ, नॉर्मल. स्कॅव्हेंज ड्रेन (सिलिंडरखालच्या हवेच्या पेटीचा निचरा) बघ, नॉर्मल. पिस्टनखालच्या जागेचं तापमान, नॉर्मल. रिंगा गेलेलं युनिट इतकं शांत बसत नाही. मग कर्व्ह नीट बघितला तर डोकं गोलगरगरीत, पीक उशिरा आलेलं आणि उतरणीची रेघ उगाच वर राहिलेली. हे सिलिंडरचं दुखणं नाही, कॉकच्या वाटेत काजळी साठलीये आणि प्रेशर सेन्सरपर्यंत गळा दाबल्यासारखं पोचतंय. कॉक पुन्हा चांगला फुंकला, परत घेतलं, सगळं जागेवर. बटणावर विश्वास ठेवला असता तर पुढच्या बंदरात पिस्टन बाहेर काढून बसलो असतो, एका चमचाभर काजळीसाठी.

टीडीसीचंही (पिस्टन अगदी वर असतो तो क्षण) तसंच. पीमॅक्ससाठी टीडीसी लागत नाही, तो आकडा बिनधास्त घ्या. पण एमआयपी आणि पॉवर हवी असेल तर टीडीसी अगदी बरोबर लागतो, एक डिग्री इकडेतिकडे झाली तरी पॉवरचा आकडा कुठल्या कुठे जातो. फ्लायव्हीलवरून टीडीसी टिपणारा पिकअप लावायचा कंटाळा करून यंत्राला कर्व्हवरूनच टीडीसी शोधायला सांगता येतं, आणि ब्रोशरमध्ये हेच मोठ्या कौतुकाने लिहिलंय. कॉम्प्रेशनचं टेकाड वेगळं दिसत असेल तोपर्यंत ते जमतं, पण ज्या लोडला ज्वलन टीडीसीलाच सुरू होतं तिथे टेकाड चढात मिसळून जातं आणि यंत्र अंदाजपंचे काहीतरी ठरवतं. आमच्याकडे असं केल्यावर सहा सिलिंडरची मिळून पॉवर शॉप ट्रायलपेक्षा (इंजिन नवं असताना कारखान्यात घेतलेल्या चाचणीपेक्षा) जास्त आली होती, इतक्या वर्षांनी इंजिन तरुण झालं की काय! पिकअप लावा, एकदा नीट सेट करा, कंटाळा नको.

एक काम मात्र हे यंत्र करत नाही आणि ते आपण वहीत करायचं. पीकॉम्प सगळ्यांचाच कमी यायला लागला तर घाबरून लायनर मोजायला जाऊ नका, आधी पीकॉम्पला स्कॅव्हेंज प्रेशरने (सिलिंडरला मिळणाऱ्या हवेच्या प्रेशरने) भागा, दोन्ही आकड्यांत एक बार मिळवून, कारण गेजचा आकडा म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट नव्हे. आमच्या शॉप ट्रायलला त्या लोडवर स्कॅव्हेंज २.४ आणि पीकॉम्प ११५ होता, म्हणजे ११६ भागिले ३.४, चौतीसच्या आसपास. मागच्या महिन्यात त्याच लोडला स्कॅव्हेंज २.१ आणि पीकॉम्प १०४, म्हणजे १०५ भागिले ३.१, परत जवळपास चौतीसच. म्हणजे सिलिंडर जितकी हवा मिळतेय तितकी प्रामाणिकपणे दाबतोय, हवाच कमी येतेय. एअर कूलरचा प्रेशर ड्रॉप वाढलेला होताच, हवेच्या बाजूने केमिकल वॉश केला आणि स्कॅव्हेंज बऱ्यापैकी परत आलं. हे गुणोत्तर यंत्रात का नाही देवाला ठाऊक, स्कॅव्हेंजचा आकडा तर ते आपल्याकडून टाइप करूनच घेतं.

जनरेटरवर अजून एक फायदा कळला. २०२० पासून ०.५० टक्के सल्फरचं तेल आलं तेव्हापासून प्रत्येक बंकर (बंदरात भरलेलं तेल) वेगळ्या स्वभावाचा असतो, काही तेलं पेट घ्यायला आळशी. नवा टँक लावला की एकाच जनरेटरचं तेवढ्याच लोडला आधीचं आणि नंतरचं रीडिंग घेऊन ठेवतो, चढ उशिरा आणि एकदम उभा दिसला की समजायचं, मग त्या तेलावर जनरेटर कमी लोडला रेंगाळत ठेवत नाही. लॅबच्या रिपोर्टमधला सीसीएआय (तेल किती सहज पेटेल त्याचा हिशेबी आकडा) वाचण्यापेक्षा हे जास्त पटतं मला.

बांधणीबद्दल थोडक्यात. पेटीची कडी दुसऱ्या महिन्यात तुटली. ग्लोव्ह्ज घालून टचस्क्रीन चालत नाही, आणि हात तेलकट असेल तर नको तेच दाबलं जातं. केबलचा जॉइंट हा सगळ्यात कच्चा भाग, दुसरी केबल पहिल्याच दिवशी मागून घ्या. सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर चालतं, लायसन्सचा डोंगल वेगळा, तो चीफच्या ड्रॉवरमध्ये कुलपात, का ते विचारू नका.

आणि सर्व्हिस. सेन्सर वर्षाला कॅलिब्रेट करायचा असतो आणि आमचा मुळात आधीच्या जहाजावरून आलेला, म्हणून सहाव्या महिन्यातच पाठवावा लागला. दोन आठवडे सांगितले होते. तीन महिने होत आले तरी सेन्सर नाही, ईमेलला उत्तर यायचं ते दरवेळी नव्या माणसाचं आणि दरवेळी पहिल्यापासून सगळी माहिती मागणारं. शेवटी आला तर सर्टिफिकेटवरचा सीरियल नंबर दुसऱ्याच कुठल्यातरी सेन्सरचा! सर्व्हेयरने पाहिलं असतं तर आमचीच शोभा. नवं सर्टिफिकेट अजून यायचंय. त्या काळात जुना ड्रमवाला बाहेर काढला, पिस्टनला तेल लावलं, दोरी नवीन बांधली, आणि मेन इंजिनचं काम झालं. जनरेटरचं मात्र तोवर अंधारात.

तर घ्यायचा का? चालवणारा माणूस कर्व्ह वाचणारा असेल तर जरूर, पण दोन सेन्सर आणि जादा केबलसकट, नाहीतर नकोच. पाचपैकी साडेतीन देईन, सर्व्हिसचा अर्धा कापून. आणि जुना इंडिकेटर स्क्रॅपमध्ये टाकू नका, आमचा अजून ईसीआरच्या (इंजिन कंट्रोल रूमच्या) कपाटात आहे, स्प्रिंगा तेल लावून ठेवल्यात. उद्या समुद्र ठीक असेल तर एकाच युनिटवर दोन्ही एकामागोमाग लावून बघणार आहे, परत आलेल्या सेन्सरवर माझा अजून पूर्ण भरवसा बसलेला नाही.