तांबड्या समुद्रात नौदल पाठवायचं तर कसं? विमानवाहू, विनाशिका की आफ्रिकेचा वळसा, तिन्हीचा खर्च समोरासमोर

माझा मामेभाऊ टँकरवर सेकंड इंजिनियर आहे. २०२४ च्या जानेवारीत त्याची बोट एडनच्या आखातातून जायची होती तेव्हा मामी रोज रात्री एकच विचारायची, आपल्या नेव्हीचं जहाज आहे ना रे तिकडे? होतं. आणि ते असल्यामुळे घरात झोप लागत होती हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा हिशोब कुठल्या मनाने लिहिलाय ते कळेल.

तेव्हापासून दोन मतं सारखी ऐकतोय. एक म्हणजे अमेरिकेने अख्खी विमानवाहू नौका उभी केली, आपल्याकडे विक्रांत असून आपण का नाही पाठवली. दुसरं म्हणजे कशाला करदात्याचा पैसा घालवायचा, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातील की. दोन्ही बाजू खर्चाचं बोलतात पण खर्च नेमका कशाकशाचा होतो ते कोणी बघत नाही, म्हणून ज्याला या विषयावर स्वतःचं मत ठरवायचंय त्याच्यासाठी तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवतोय.

आधी थोडक्यात काय झालं ते. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज तांबड्या समुद्रात पळवलं, मग ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली. १८ डिसेंबरला अमेरिकेने जहाजांच्या संरक्षणासाठी 'प्रॉस्पेरिटी गार्डियन' मोहीम जाहीर केली. २३ डिसेंबरला तर गुजरातच्या किनाऱ्यापासून साधारण २०० सागरी मैलांवर केम प्लूटो या टँकरवर ड्रोन आदळलं, म्हणजे प्रकरण आपल्या दारात आलं. या सगळ्या गोंधळात सोमाली चाचेही परत बाहेर पडले. इथे धोके दोन आहेत, क्षेपणास्त्रवाले आणि चाचे, आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. पर्याय निवडताना सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो.

पर्याय एक : विमानवाहू नौका आणि तिचा ताफा

इथे अमेरिकेचं उदाहरण घ्यावं लागतं कारण एवढ्या प्रमाणात दुसऱ्या कोणी केलंच नाही. आयझेनहॉवर ही नौका ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉरफोकहून निघाली आणि जुलै २०२४ मध्ये परत आली, नऊ महिने. असा ताफा चालवायचा खर्च २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिवसाला ६५ लाख डॉलर धरला होता, २०२४ च्या दराने ५४-५५ कोटी रुपये रोज. पण हा आकडा जपून वापरा. त्यात नौकेची, विमानांची, सोबतच्या पाच युद्धनौकांची आणि एका पाणबुडीची अख्ख्या आयुष्यभराची किंमत आणि जवळपास ६,७०० माणसांचा पगार वाटून घातलेला आहे. म्हणजे ताफा बंदरात उभा असला तरी यातला मोठा भाग चालूच असतो. "रोज ५५ कोटी जाळले" असं जे लोक लिहितात ते म्हणून चूक आहे.

मग पाठवल्यामुळे वाढीव काय जातं? दारूगोळा. आयझेनहॉवरच्या ताफ्याने या नऊ महिन्यांत हवेतला मारा पाडणारी स्टँडर्ड मालिकेतली १५५ क्षेपणास्त्रं आणि जमिनीवर मारा करणारी १३५ टॉमाहॉक वापरली, शिवाय विमानांवरून जमिनीवर टाकलेली ४०० च्या वर शस्त्रं वेगळीच. स्टँडर्डमधलं एसएम-२ हे क्षेपणास्त्र साधारण २१ लाख डॉलरचं म्हणजे १७ कोटींचं, आणि समोरून येणाऱ्या काही ड्रोनची किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास सांगितली जात होती. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या सचिवांनी सिनेटसमोर सांगितलं की दारूगोळ्यावर जवळपास एक अब्ज डॉलर गेले, आठ हजार कोटींच्या वर. पुढच्या वर्षी मार्च ते मे २०२५ ची अमेरिकेची मोहीम झाली त्यात तीन आठवड्यांच्या आतच खर्च पुन्हा अब्ज डॉलरच्या जवळ गेल्याच्या बातम्या आल्या. आणि अपघात धरायचेच. ट्रुमन या दुसऱ्या अमेरिकन विमानवाहू नौकेवरचं एक एफ-१८ लढाऊ विमान डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच क्रूझरने पाडलं, एक एप्रिलमध्ये डेकवरून समुद्रात गेलं, एक मे महिन्यात उतरताना गेलं. सहा कोटी डॉलरच्या वरचं एकेक विमान.

लढाईच्या जागी जहाजं उभी केली की असं काहीतरी होतंच. १९८८ मध्ये इराणच्या आखातात सॅम्युएल बी. रॉबर्ट्स या अमेरिकन फ्रिगेटखाली (विनाशिकेहून लहान युद्धनौका) सुरुंग फुटला होता, सुरुंगाची किंमत दीडेक हजार डॉलर आणि दुरुस्ती नऊ-दहा कोटी डॉलरची.

एवढं करून मिळालं काय? काही जहाजं नक्की वाचली, ते नाकारता येणार नाही. पण रुबीमार हे मालवाहू जहाज मार्च २०२४ मध्ये बुडालंच, ट्यूटर हे दुसरं जूनमध्ये बुडालं, आणि बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्या काही तांबड्या समुद्रातून सुएझ कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला परत आल्या नाहीत. सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरच्या वर होतं ते २०२४ मध्ये चारेक अब्जांवर आलं. शेवटी मे २०२५ ला ओमानने मध्यस्थी केली तेव्हा अमेरिकेपुरता गोळीबार थांबला. तरी जुलैमध्ये मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं बुडवली गेलीच.

पर्याय दोन : विनाशिका, फ्रिगेट आणि वरून विमान

आपण हे केलं. २००८ पासून एडनच्या आखातात आपलं जहाज गस्तीला असतंच, जहाजांच्या संरक्षणाची ऑपरेशन संकल्प ही मोहीम २०१९ पासून आहे, डिसेंबर २०२३ नंतर त्याचा आकार वाढवला. मार्च २०२४ मध्ये शंभर दिवस झाले तेव्हा नौदलप्रमुखांनी आकडे दिले ते असे : २१ च्या वर जहाजं आळीपाळीने, ४५० च्या वर जहाज-दिवस, टेहळणी विमानांचे ९०० तास, समुद्रावर ५,००० च्या वर माणसं. ४५० ला शंभराने भागा, रोजची सरासरी साडेचार जहाजं. त्यातून ११० जीव वाचले, त्यात ४५ भारतीय, आणि खत, क्रूड वगैरे मिळून १५ लाख टन माल सुखरूप आणला.

यातलं रुएनचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. हे जहाज चाच्यांनी डिसेंबरमध्ये पळवलं होतं आणि पुढे इतर जहाजांवर हल्ले करायला तळ म्हणून वापरायचा त्यांचा बेत होता. भारतीय किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटर लांब, आयएनएस कोलकाता या विनाशिकेने ४० तास त्याला घेरून ठेवलं, सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो उतरवले, १६ मार्चला ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी ओरखडाही न येता सुटले. त्या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखाली. या सगळ्यात एकही सतरा कोटींचं क्षेपणास्त्र लागलं नाही. लागलं ते डिझेल, विमानाचं इंधन, आणि ट्रेनिंग घेतलेली माणसं.

मार्लिन लुआंडाचं पण सांगायलाच हवं. २६ जानेवारीला नॅफ्था (पेट्रोलसारखं झटकन पेटणारं तेल) भरलेल्या या टँकरला क्षेपणास्त्र लागलं, बोटीवर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमवरून दहा जणांची आग विझवणारी टीम गेली. नॅफ्था पेटलेल्या जहाजावर स्वतःहून चढायचं म्हणजे काय ते बोटीवर काम केलेल्याला विचारा. कोलकाता असो, विशाखापट्टणम असो, की तेव्हा अरबी समुद्रात पाठवलेली मोरमुगाव, सगळ्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, हे लिहिताना अभिमान वाटतो आणि तो लपवायचं कारण नाही.

आता यातली कमजोर बाजू. आपलं यश चाच्यांवर आणि हल्ल्यानंतरच्या मदतीत आहे. हुथींची क्षेपणास्त्रं हवेत पाडत रोज काफिले पार करणं हे काम आपण अंगावर घेतलंच नाही, ते घेतलं असतं तर आपलंही बिल दारूगोळ्यावर चढलं असतं. दुसरं, लाँचरमधली मोठी क्षेपणास्त्रं संपली की ती भर समुद्रात परत भरता येत नाहीत, बंदर गाठावं लागतं. इथे मात्र आपल्याला भूगोल साथ देतो, मुंबई ते एडन साधारण १,६५० सागरी मैल, ताशी पंधरा सागरी मैलांनी पाच दिवसांच्या आत, आणि मध्ये ओमानमधल्या दुक्म बंदराची सोय आहे. आणि तिसरा खर्च दिसत नाही तो असा की एक जहाज तिकडे उभं ठेवायला तीन लागतात, एक जागेवर, एक जात-येत किंवा सरावात, एक दुरुस्तीत. इंजिनाचे तास वाढतात, रिफिट म्हणजे मोठी दुरुस्ती लवकर येते, नौसैनिकांच्या घरी लग्न-बारसं त्यांच्याशिवाय होतं.

युरोपियन युनियनची अस्पिदेस मोहीमही याच जातीची, फेब्रुवारी २०२४ पासून, फक्त बचावासाठी. तिचं बजेट पहिल्या वर्षाला ८० लाख युरो, म्हणजे ७०-७२ कोटी रुपये, आणि हा आकडा अमेरिकेच्या आठ हजार कोटींशेजारी ठेवून "बघा किती स्वस्त" म्हणणारे लेख मी वाचलेत. तसं नाहीये. ते फक्त सामायिक खर्चाचं बजेट आहे, मुख्यालय वगैरे. जहाजं, इंधन, क्षेपणास्त्रं ज्या त्या देशाने स्वतः भरायची. पण त्यांच्याकडून एक शिकण्यासारखं आहे, इटलीच्या कायो दुइलिओने ड्रोन ७६ मिलिमीटरच्या तोफेने पाडलं आणि फ्रेंचांनी एक ड्रोन हेलिकॉप्टरमधल्या मशीनगनने पाडलं. स्वस्त ड्रोनला स्वस्त गोळी, खर्चाचं गणित सुधारायचं तर ते तिथेच सुधारतं.

पर्याय तीन : नौदल नको, केपला वळसा

सरकारी तिजोरीतून शून्य खर्च, म्हणून हा आकर्षक वाटतो. आफ्रिकेच्या टोकावरून आशिया-उत्तर युरोप अंतर साधारण ३,५०० सागरी मैलांनी वाढतं, १० ते १४ दिवस जास्त, आणि जाऊन-येऊन इंधनाचा जादा खर्च दहा लाख डॉलरपर्यंत धरला जात होता. पण समोर काय वाचतं तेही बघा. मोठ्या कंटेनर जहाजाचा सुएझचा टोल एका वेळेला पाच लाख डॉलरच्या आसपास, आणि युद्धजोखमीचा विमा जो जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्के असायचा तो ०.७ ते १ टक्क्यावर गेला होता. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे दहा लाख डॉलर नुसता विमा. कंपन्यांनी हिशोब केला, वळसा परवडतो म्हणाल्या आणि वाढलेलं भाडं गिऱ्हाईकाकडून घेतलं.

गिऱ्हाईक कोण? नाशिकचा द्राक्षवाला. युरोपचा सीझन नेमका जानेवारी ते एप्रिल. न्हावा शेव्यातून रीफर म्हणजे थंडगार कंटेनर निघाला की आधी तीनेक आठवड्यांत रॉटरडॅम, त्यात दोन आठवडे वाढले, भाडं दुपटी-तिपटीने वाढलं, आणि द्राक्ष काही स्टील नाही, पंधरा दिवस जास्त डब्यात राहिलं की देठ सुकतो, मणी गळतो, तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. म्हणजे तिजोरीतून शून्य गेलं ते बागायतदाराच्या खिशातून गेलं, फक्त त्याचं बिल संसदेत कोणी मांडत नाही. शिवाय वळसा घातला तरी सोमालियाच्या बाजूच्या चाच्यांचं काय, आखाती देशातून येणाऱ्या क्रूडचं काय, त्याला आफ्रिकेचा रस्ताच लागू पडत नाही.

मग ठरवायचं कसं

माझं उत्तर दुसरा पर्याय आहे, आणि थोडा तिसरा सोबत, ज्या कंपनीला जमतं तिने वळसा घ्यावा. पण तुम्ही माझ्या मतावर जाऊ नका, आधी विचारा की धोका कुठला. चाचे असतील तर विमानवाहू नौका पाठवणं म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया, तिथे हेलिकॉप्टरवाली विनाशिका, पी-८आय टेहळणी विमान आणि कमांडो पुरतात. किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं येत असतील आणि तुम्हाला किनाऱ्यावरच मारा करायचा असेल तरच विमानवाहूला अर्थ आहे, आणि तो निर्णय म्हणजे युद्धात उतरायचा निर्णय, त्याला 'व्यापाराचं संरक्षण' असं गोड नाव देऊन हिशोब करू नये. आपलं येमेनशी वैर नाही, आपले खलाशी जगभरच्या जहाजांवर आहेत, दुसऱ्याच्या झेंड्याखाली बॉम्ब टाकून ते जास्त सुरक्षित झाले नसते.

दुसरं विचारा, किती दिवस. विक्रांत वीस हजार कोटींची, नौदलासाठी ठरलेली २६ राफेल विमानं शस्त्रं-ट्रेनिंग धरून ६३ हजार कोटींच्या आसपासचा सौदा. आणि विशाखापट्टणम वर्गाच्या चारही विनाशिका मिळून ३५ हजार कोटींच्या घरात. आपल्या दोन विमानवाहूंमधली एक दुरुस्तीला गेली की उरते एक, ती महिनोन्‌महिने एडनला बांधून ठेवली तर इकडे काय? विनाशिका आळीपाळीने बदलता येतात, २१ जहाजांनी ते करून दाखवलं.

माझी तक्रार एकच आहे, शंभर दिवसांचे आकडे जसे दिले तसा खर्चही वर्षाला एकदा वेगळा मांडावा, इंधन किती, उड्डाणाचे तास किती, रिफिट किती लवकर आलं. लोक खर्च करायला नाही म्हणणार नाहीत. मामी तर नक्कीच नाही म्हणणार, मामेभाऊ मेमध्ये साइन ऑफ होऊन घरी आला तेव्हा तिने आधी त्याला ओवाळलं आणि मग मला विचारलं, त्या कोलकाता जहाजावरची मुलं आली का रे घरी?