बेज सीट, वसमतची हळद आणि लेदर क्लीनरच्या बाटल्या

माझ्या गाडीच्या सीटचा रंग ज्यानं कुणी ठरवला, त्यानं वसमत कधी पाहिलं नसणार. रंग बेज आणि आमचा धंदा हळदीचा. उन्हाळ्यात मोंढ्यात आवक सुरू झाली की कपडे, मोबाईल, हिशोबाची वही, सगळ्यावर पिवळी झाक येते. गाडीच तेवढी कशी सुटेल? गाडी सेकंड हँड, हैदराबादहून घेतलेली, कंपनीतूनच लेदर सीट. जो तो म्हणतो, "कव्हर टाकून घ्या, विषय संपला." पण लेदरवर रेक्झिनचं कव्हर चढवून मे महिन्यात घामानं चिकटत बसायचं, तर लेदरची गाडी घेतली कशाला? शिवाय सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साध्या कव्हरनं ती उघडताना अडू शकते. म्हणून कव्हर नाही, आणि म्हणून ही बाटल्यांची उठाठेव.

बाटली घ्यायच्या आधी सीट नक्की कशाची आहे ते बघून घ्या. नांदेडला आमचे एक कुशनवाले चाचा आहेत, त्यांनी माझ्या गाडीचं पितळ पाच मिनिटांत उघडं केलं. सीटखालची शिवण जिथं क्लिपनं अडकवलेली असते, ती सोडवून आतली बाजू दाखवली. बसायच्या भागाला आतून बारीक तंतूंची लव होती, ते चामडं. कडेच्या आणि पाठीमागच्या तुकड्यांना आतून कापडी जाळी, ते रेक्झिन. "बैठने की जगह चमडा है मॅडम, बाकी सब रेक्झिन. सब गाड्यों में ऐसाच रहता." बऱ्याच गाड्यांत तेवढंही नसतं, माहितीपत्रकात लेदरेट लिहिलेलं असतं आणि घेणारा त्याला लेदर समजून मिरवतो. वासावर जाऊ नका, तो वास बाटलीतही मिळतो.

दुसरी गोष्ट, पाण्याचा थेंब. सीटवर एक थेंब सोडायचा. तसाच मण्यासारखा राहिला तर चामड्यावर रंगाचा आणि वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत हाच प्रकार असतो. थेंब जिरून डाग काळवंडला तर थर नसलेलं, उघडं चामडं, त्याची निगा फार नाजूक. माझ्या सीटवर थेंब राहिला. म्हणजे मी जे धुते-पुसते तो वरचा थर, आणि ‘खोलवर पोषण’ देणाऱ्या जाहिराती माझ्या कामाच्या नाहीत. बाटल्यांबद्दल पुढं जे लिहिलंय ते अशाच थरवाल्या सीटसाठी.

आता हळद. नात्यातल्या एका लग्नात नवरदेवासाठी गाडी दिली होती. परत आली तेव्हा मागच्या सीटवर पाच बोटांचा पिवळा पंजा. घरच्यांनी मला न विचारता गाडी वॉशिंग सेंटरला नेली. तिथल्या पोरानं बाहेरच्या पत्र्याला मारतात तोच साबणाचा फेस सीटवर मारला आणि घाबरून मला फोन. "वहिनी, सीटवर रक्त सांडलं होतं का? लाल व्हायलंय सगळं."

रक्त कुठलं. हळदीतलं कुरकुमीन क्षार लागला की लाल होतं. कुंकू करताना हळदीत चुना घालतात तो ह्याचसाठी, आणि शाळेत हळदीचा कागद करून साबण ओळखायचा प्रयोग तुम्हीही केला असेल. पोराला सांगितलं, घासू नको, ओल्या कापडानं फेस उचल, दोन-तीनदा साधं पाणी फिरव. क्षार गेला तसा रंग पुन्हा पिवळ्यावर आला. डाग राहिला तो राहिलाच, पण त्या लाल रंगानं मला चाचणीची पद्धत मात्र दिली.

चामडं कमावताना ते किंचित आम्लधर्मी ठेवलेलं असतं. कडक क्षार त्याला मानवत नाही, वरचा थर कोरडा पडतो, शिवणीतून आत गेलेला साबण चामडं ताठ करतो. म्हणून लेदरचा क्लीनर उदासीन किंवा किंचित आम्ल हवा. लेबलवर ‘पीएच बॅलन्स्ड’ लिहायला काय जातं? आमच्या घरात हळदीला तोटा नाही. पांढरा टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला, पट्ट्या कापल्या आणि घरात, दुकानात, गाडीत जे जे सापडलं त्याचा एकेक थेंब टाकत गेले.

कपड्यांच्या पावडरचं पाणी: गडद तांबडं, अपेक्षितच. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे: तांबडा. ॲक्सेसरीच्या दुकानात ‘सीट, डॅशबोर्ड, टायर, सगळ्याला चालतो’ म्हणून गळ्यात मारलेला बिननावाचा निळा द्रव: थेंब पडताच विटेसारखा. एवढं एका पट्टीवर कळलं, ती बाटली आता टायरपुरती. खास लेदरचे म्हणून घेतलेल्या क्लीनरनी मात्र पट्टी पिवळीच ठेवली. ही चाचणी घरी कुणालाही जमते, चिमूटभर हळद लागते. पण तिची मर्यादाही सांगते. हळद फक्त क्षार ओळखते. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर पट्टीला लाल करणार नाहीत, पण सीटचा रंग कापडावर उतरवतील. नेलपॉलिश रिमूव्हरचं तर नावच नको. आणि तो पांढरा मॅजिक स्पंज मिळतो ना, तो म्हणजे बारीक पॉलिश पेपर. डाग जातो, सोबत थरही जातो.

बाजारात चांगल्या मालाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक, क्लीनर आणि कंडिशनर एकाच बाटलीत. मेग्वायर्सचं गोल्ड क्लास लेदर क्लीनर-कंडिशनर ह्या जातीचं. शहरात, एसी पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या, कमी मळणाऱ्या गाडीला हे पुरतं. एक हात फिरवला, काम झालं. दुसरा प्रकार दोन वेगळ्या बाटल्यांचा: लेक्सॉलचा क्लीनर वेगळा, कंडिशनर वेगळा. जर्मनीच्या कलरलॉकमध्ये तर क्लीनरच दोन, सौम्य आणि कडक. आमच्याकडच्या गाडीला माझं मत ह्या दुसऱ्या प्रकाराला, आणि त्याला कारण आहे. काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक असते आणि चामड्याच्या रेघारेघांत जाऊन बसते. एकत्र बाटलीनं ती पूर्ण निघायच्या आत कंडिशनरचा थर वर बसतो, म्हणजे मळ आतल्या आत बंद. आधी धूळ पूर्ण काढायची, सीट वाळू द्यायची, मग वाटलं तर पुढचं. पैसे एकाच बाटलीपुरते असतील तर क्लीनर घ्या. कंडिशनर नसला तरी सीट काही वर्षं टिकते. धूळ राहिली तर मात्र प्रत्येक वेळी बसता-उठता ती पॉलिश पेपरचंच काम करते. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आधी का फाटते, ते बघा एकदा.

कडक क्लीनर रोज वापरायचा नाही. तो जीन्सच्या निळ्यासाठी. नवी जीन्स घालून घामेजून बसलात की बेज सीटवर निळी छटा येते, आणि ती जितकी जुनी तितकी हट्टी. सौम्य क्लीनरनं आठवड्याच्या आत काढली तर निघते. वर्षभराची असेल तर कडकनंही पूर्ण जात नाही, मग रंगकामच.

पद्धत थोडक्यात. आधी व्हॅक्यूम, तोही ब्रशचं तोंड लावून. हळद सांडली असेल तर पाणी अजिबात नाही. कोरडी पावडर आधी व्हॅक्यूमनं उचला, फुंकर मारून घालवू नका, कारण फुंकरीनं ती शिवणीत शिरते. मग क्लीनर सीटवर न मारता मऊ ब्रशवर घ्यायचा, फेस करायचा, हलक्या हातानं गोल फिरवायचं आणि लगेच ओलसर मायक्रोफायबरनं उचलायचा. थंड हवेच्या, भोकं असलेल्या सीटवर तर थेट स्प्रे कधीच नाही, खाली पंखा आणि वायरिंग असतं. कापड पांढरंच घ्या. पांढऱ्यावर माती आली तर मळ निघतोय, सीटचा रंग आला तर थांबायचं.

पाण्याचा मुद्दा इकडच्यांना वेगळा सांगायला नको, तरी सांगते. बोअरचं पाणी जड. कापड त्यात पिळून पुसलं की गडद सीटवर वाळल्यावर पांढरट झाक येते आणि माणूस समजतो क्लीनर खराब. आरओचं पाणी घ्या, नाहीतर बॅटरीत घालायच्या पाण्याचा डबा आणा. सीट पुसायला पाणी लागतंच किती!

हळदीचा उरलेला पिवळा डाग शेवटी उन्हानं गेला. कुरकुमीन उजेडात उडतं, हळद वाळवणाऱ्याला हे कळतंच, म्हणून चांगला माल आम्ही उघड्यावर ठेवत नाही. दार उघडून सकाळचं कोवळं ऊन सीटवर घेतलं, रोज थोडं. दुपारचं नाही. दुपारी बाहेर ४२-४३ असलं की बंद गाडीत ६० च्या पुढं जातं, आणि लेदरचा खरा शत्रू तोच. म्हणून पुढच्या काचेचा सनशेड हा ह्या सगळ्या खरेदीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी माल. काळी फिल्म लावायचा सल्ला मिळेल. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच तिला मनाई केली, उगाच चौकात पावती फाडून घेऊ नका.

कंडिशनरवर लोक तासन् तास बोलतात, माझं बोलणं छोटं आहे. थरवाल्या सीटवर तो फार आत जात नाही. शिवणी, भोकं, जिथं थर बारीक तडकलाय तिथं थोडा मुरतो आणि वर एक पातळ पापुद्रा राहतो. त्यामुळं पुढचा मळ आणि जीन्सचा रंग जरा सहज निघतो. तीन-चार महिन्यांतून एकदा, नाण्याएवढा कापडावर घेऊन लावावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, कोरड्या कापडानं सगळा पुसून काढावा. लावल्यावर सीट चमकली तर समजा जास्त झाला किंवा माल चुकीचा. कंपनीतून आलेली सीट मॅट असते. दुकानात बोट फिरवून आरशासारखी चमक दाखवतात तो सिलिकॉन. ब्रेक दाबला की माणूस पुढं घसरतो आणि संध्याकाळपर्यंत त्या चमकीवर अख्ख्या रस्त्याची धूळ. कंडिशनर चांगला असेल तर हात फिरवल्यावर काही लावलंय हे कळतच नाही, आणि नेमकं हेच दुकानदाराला विकता येत नाही.

सासूबाईंचं म्हणणं खोबरेल तेल. "चपलांना लावतोच की आपण." कोल्हापुरीचं चामडं उघडं असतं, ते तेल पितं. माझ्या सीटचं पीत नाही. तेल वर राहतं, धूळ धरतं, साडीला लागतं आणि उन्हाळ्यात खवट वास येतो. सासूबाईंना हे मी तोंडावर सांगितलं नाही. आमच्या गाडीच्या डिकीत खोबरेलची छोटी बाटली अजून असते, ती केसांना.

गाडीची बारीक सफाई करून देणाऱ्या डिटेलिंगवाल्यांकडंही जाऊन आले. संभाजीनगरला, नांदेडला आता चांगली सेंटर आहेत. काम सोपवायचं असेल तर दोनच प्रश्न विचारा: सीटला कोणता क्लीनर वापरता, बाटली दाखवा, आणि वाफ मारता का. वाफ नको, उष्णतेनं चामडं आकसतं. एका ठिकाणी बाटली विचारल्यावर "मॅडम, आमचा खास फॉर्म्युला आहे" असं उत्तर आलं. खास फॉर्म्युल्याचा एक थेंब हळदीच्या पट्टीवर टाका म्हटलं, तर ते हसायले. मी गाडी वळवली.

ऑनलाइन घेताना बाहेरच्या ब्रँडवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं स्टिकर आहे का ते बघा. कायद्यानं ते लागतं, नसेल तर परत करा. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. एका गाडीला पाव लिटर क्लीनर बराच काळ जातो, आणि उन्हाळ्यात डिकीत राहिलेला कंडिशनर फाटतो, पाणी वेगळं चोथा वेगळा. बाटल्या घरात ठेवा. आणि चाचांसारख्या कुणी तुमची सीट उलटी करून आतून कापडाची जाळी दाखवली, तर कंडिशनर ऑर्डर केलेला असेल तो रद्द करा. रेक्झिनला सौम्य क्लीनर, ओलं कापड आणि सनशेड एवढ्यावर भागतं, उरलेल्या पैशात चांगला व्हॅक्यूम येईल.